शॉर्टफिल्मच्या आवाजातल्या या चुका टाळा

पहिली शॉर्टफिल्म आम्ही एका जुन्या वाड्यात शूट केली. आई आणि मुलीच्या भांडणाचा प्रसंग होता आणि दोघींनी जीव ओतून काम केलं. एडिटला बसलो तर आईच्या वाक्यांमागे फ्रीजची घरघर, मुलीच्या वाक्यांमागे नाही. मधे कधीतरी फ्रीज आपोआप थांबला होता. प्रत्येक कटला घरघर यायची आणि जायची. भांडण राहिलं बाजूला.

आता लोकेशन बघायला गेलो की मी आधी डोळे मिटून पाच मिनिटं उभा राहतो. पंखा, पाण्याची मोटर, शेजारचा कुकर, जवळची शाळा सुटायची वेळ, सगळं लिहून घेतो. १९३१ साली ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट झाला, तेव्हा स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून बरंचसं शूटिंग रात्री करावं लागलं होतं. माइक कितीही सुधारले तरी ही अडचण तशीच आहे. फ्रीज बंद केलात की गाडीची किल्ली त्यातच ठेवा. निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरणार नाही!

रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीचा स्वतःचा आवाज, न घेणं ही चूक तर जवळजवळ प्रत्येक नवा दिग्दर्शक करतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पॅकअपआधी सगळ्यांना गप्प उभं करून तीच शांतता ३० ते ६० सेकंद रेकॉर्ड करा. वाक्यांमधल्या फटी तिनेच भरायच्या असतात. तिथे नुसतं म्यूट केलं तर आवाजात खड्डा पडतो.

कॅमेऱ्यावरच्या माइकवर विसंबू नका. माइक दुप्पट लांब गेला की बोलण्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो आणि भिंतींचा घुमारा वर येतो. ऑटो गेन, म्हणजे आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय, बंद ठेवा, नाहीतर पात्र गप्प झालं की मागची सूं सूं वाढत जाते. रेकॉर्डिंगच्या मीटरवर लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास असू द्या, कारण फुटलेला आवाज नंतर नीट होत नाही. लेपल, म्हणजे कपड्यावर लावायचा छोटा माइक, लावताना रेशमी साडीची सळसळ आणि मंगळसूत्राचा खडखडाट हेडफोनवर आधीच ऐका.

मोबाइलवर शूट केलंय आणि ओठ व आवाज हळूहळू मागेपुढे होतायत? बऱ्याचदा व्हिडिओचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, बदलता असतो. एडिटआधी तो स्थिर करून घ्या आणि आवाजाचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घेतलेले नमुने, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा.

संगीताबाबत मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. प्रसंग उभा राहत नाही म्हणून व्हायोलिन घातलं जातं, आणि उभा राहिलेला असला तरी घातलं जातंच. आधी अख्खी फिल्म संगीताशिवाय बघा. जिथे नट रडवतोय तिथे त्याला एकटं सोडा, संगीत हवंच तर तो थांबल्यावर सुरू करा. संवादाखाली बासरी किंवा सारंगीची चाल ठेवली की ती माणसाच्या आवाजाशी भांडते. तिथे लांबवलेला एखादा सूर पुरतो. शेवटी मिक्स मोबाइलच्या स्पीकरवरही ऐका. डग्ग्याची घुमक तिथे पार नाहीशी होते.

ती वाड्यातली फिल्म शेवटी डब केली. शब्द स्वच्छ आले, ओठांशी जुळलेही. मुलीचा त्या दिवशीचा अडकलेला श्वास मात्र डबिंगमध्ये काही केल्या आला नाही.