आधी पाने मोजा: इंदूरमध्ये बेताच्या खर्चात देखणे लग्न

लग्न ठरले की घरात आधी कार्यालयाची चर्चा सुरू होते, मग शालूची आणि मग दागिन्यांची. खर्चाचा मोठा भाग मात्र या तिन्हींच्या आधीच एका वेगळ्या गोष्टीने ठरून गेलेला असतो, आणि ती म्हणजे एकूण किती पाने वाढली जाणार. कार्यालय केवढे घ्यायचे, वाढपी किती लागतील, पाहुण्यांना खोल्या किती, ओटीचे नारळ आणि ब्लाउजपीस किती, हे सारे पानांच्या आकड्यामागून चालत येते. इंदूरमध्ये आमच्या घरातली चार लग्ने मी हिशेबाची वही हातात घेऊन पार पाडली आहेत आणि चारही वेळा हाच अनुभव आला. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर रुपये लिहू नयेत, पाने लिहावीत.

हिशेब असा करावा. समजा दोन्हीकडची मिळून २०० माणसे येणार आहेत. सीमांतपूजनाचे रात्रीचे जेवण, लग्नाच्या सकाळचा नाश्ता, दुपारचे मुख्य जेवण आणि वऱ्हाड निघतानाचा फराळ अशा चार वेळा धरल्या आणि चारही वेळा सर्वांना बोलावले, तर ८०० पाने होतात. त्याऐवजी सीमांतपूजनाला घरचे आणि बाहेरगावचे मिळून ६०, नाश्त्याला १००, मुख्य जेवणाला २०० आणि फराळाला ४० अशी वाटणी केली, तर ४०० पानांत काम होते. पानाचा सरासरी दर ३०० रुपये धरला, तर पहिल्या हिशेबाला २,४०,००० रुपये लागतात आणि दुसऱ्याला १,२०,०००. यात एकाही माणसाला यादीतून वगळलेले नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. पत्रिकेवर फक्त मुहूर्त आणि त्यानंतरचे भोजन छापावे. सीमांतपूजनाचे आणि हळदीचे निमंत्रण ज्यांना द्यायचे त्यांना घरी जाऊन किंवा फोनवर द्यावे. त्यात कोणाचा मान राहत नाही असे होत नाही, उलट घरी येऊन बोलावले याचे माणसांना अप्रूप वाटते.

दुसरे काम व्याह्यांशी बोलण्याचे. दोन्ही घरांच्या बैठकीत कोणी काय करायचे याची याद लिहून काढण्याची आपली जुनी पद्धत आहे आणि ती आजही उपयोगाची आहे. हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही १९६१ च्या कायद्याने गुन्हे आहेत, तेव्हा तो विषय यादीत येताच कामा नये. पण ज्या गोष्टींना कोणी हुंडा म्हणत नाही आणि ज्या शेवटच्या आठवड्यात वाढत जातात, त्या मात्र स्पष्ट लिहाव्यात: मानपान कोणाकोणाचा, वरमाईची साडी कोणत्या बेताची, वऱ्हाडाच्या गाडीचे भाडे कोणाकडे, कार्यालयाचा खर्च निम्मा-निम्मा की कसा. मुलाकडच्यांनी आपणहून निम्मा खर्च उचलण्याचा विषय काढला तर सगळेच सोपे होते. मुलीच्या वडिलांना तो कधी काढता येत नाही, म्हणून मध्यस्थाने किंवा घरातल्या एखाद्या मोठ्या काकांनी तो काढावा.

तिथीच्या बाबतीत इंदूरकर मराठी माणसाला एक सोय आपोआप मिळते आणि बहुतेक घरे ती वापरत नाहीत. इथल्या इतर बऱ्याच समाजांची लग्ने रात्री लागतात, त्यामुळे मॅरेज गार्डनांचा सारा थाट रोषणाईसाठी मांडलेला असतो आणि दरही रात्रीला धरूनच सांगितला जातो. आपले मुहूर्त मात्र बहुधा सकाळचे किंवा दुपारचे असतात. जागा बघायला गेल्यावर पूर्ण दिवसाचा दर ऐकून न थांबता, सकाळी सहा ते दुपारी चार एवढ्याच वेळेचा दर विचारावा, कारण त्याच संध्याकाळी ती जागा दुसऱ्या लग्नाला देता येणार असेल तर व्यवस्थापक भाव सोडायला तयार होतो. दिवसाच्या लग्नाला झुंबरे, दिव्यांच्या माळा, जनरेटरवर चालणारे झोतदिवे यांतले काही लागत नाही, ही बचत वेगळीच.

आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासात मुहूर्त नसतात, म्हणून देवउठनी ग्यारस आणि तुळशीचे लग्न झाले की सारे शहर एकदम लग्नाला उभे राहते; अक्षय्य तृतीयेलाही तेच होते. या दिवसांत आचारी, फूलवाला, छायाचित्रकार सगळेच महाग आणि सगळेच घाईत असतात. माघातला किंवा फाल्गुनाच्या सुरुवातीचा, आठवड्याच्या मधल्या वाराचा मुहूर्त गुरुजींकडून काढून घ्यावा. तेव्हा मालव्याची हवा दुपारी सुखाची असते. वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि कूलर, बर्फ, पाण्याचे जार यांवरच बरीच रक्कम उडते. जागेसाठी मोठी लॉन बघण्याआधी रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा मराठी वस्तीच्या भागांतली संस्थांची सभागृहे आणि समाजाची कार्यालये आधी पाहावीत. ती साधी असतात, पण बोहल्यासाठी जागा, देवक ठेवायला खोली आणि पंगतीचा हॉल असा आपला क्रम तिथे गृहीत धरलेला असतो.

सजावटीवर मी थोडे सविस्तर लिहिते, कारण सुंदर लग्न आणि महागडे लग्न या दोन गोष्टींची गल्लत सर्वांत जास्त इथेच होते. पाहुण्यांची नजर तीन ठिकाणी ठरते: आत येताना दारावर, मुहूर्ताच्या वेळी बोहल्यावर आणि जेवताना पानावर. या तीन जागा मन लावून सजवाव्यात आणि बाकीच्या भिंती तशाच सोडाव्यात. दाराला आंब्याचे टहाळे, झेंडूचे तोरण, दोन केळीचे खांब आणि एक मोठी रांगोळी पुरते. झेंडू आणि शेवंती फूलबाजारातून पहाटे किलोने आणावी आणि आदल्या दिवशी दुपारी घरातल्या बायकामुलांनी माळा ओवाव्यात; ओल्या फडक्यात गुंडाळून गार जागी ठेवल्या तर झेंडूच्या माळा दुसऱ्या दिवसापर्यंत चांगल्या राहतात. निशिगंध आणि मोगरा मात्र त्याच सकाळचा हवा. दसरा-दिवाळीच्या आसपास झेंडूचा भाव चढतो, हे तारीख ठरवतानाच ध्यानात असू द्यावे.

माझ्या मोठ्या भाचीच्या लग्नात बोहल्याची पाठ म्हणजे घरातल्या दोन जुन्या इरकली साड्या ताणून बांधल्या होत्या, आणि अंतरपाट तिच्या पणजोबांच्या पांढऱ्या उपरण्याचा केला होता. मधोमध कुंकवाचे स्वस्तिक होते आणि कडेने तिच्या मावशीने लाल दोऱ्याने दोन्ही घरांतल्या चार-चार पिढ्यांच्या बायकांची नावे टाक्याटाक्याने भरली होती. मंगलाष्टके चालू असताना पहिल्या रांगेतल्या आजी ती नावे पुटपुटत वाचत होत्या. त्याला दोऱ्याच्या पाच रिळांखेरीज काही खर्च आला नाही. त्या लग्नातल्या तेवढ्या एकाच दृश्याची लोक आजही मला आठवण करून देतात.

ठेकेदाराकडून सजावट घ्यायची असेल तर तोंडी बोलण्यावर जाऊ नये. पुतणीच्या लग्नात आम्हाला ‘सगळी ताजी फुले’ असे सांगण्यात आले होते आणि मुहूर्ताच्या तासभर आधी बोहल्याच्या मागची अर्धी फुले प्लास्टिकची निघाली. तेव्हा भांडायला वेळ नसतो आणि पैसे बहुतेक देऊन झालेले असतात. म्हणून पावतीवर फुलांची नावे, ताजी की कृत्रिम, किती वाजता काम पूर्ण होणार हे लिहून घ्यावे, आणि रकमेचा तिसरा हिस्सा तरी काम डोळ्यांनी पाहिल्यावर द्यावा.

आता जेवण. १५० पर्यंत पाने असतील तर आचारी मजुरीवर ठरवून सामान आपण भरणे परवडते. किराणा सियागंजातून, भाजी आदल्या पहाटे चोइथराम मंडीतून आणावी आणि आचाऱ्याकडून सामानाची यादी आठ दिवस आधी लिहून घ्यावी. पाने याहून जास्त असतील तर पानाच्या दरानेच काम द्यावे, कारण तेवढ्या मोठ्या कोठीवर लक्ष ठेवायला घरात मोकळे माणूस उरत नाही. दर ठरवताना गॅरंटीची पाने, म्हणजे ज्यांचे पैसे नक्की द्यायचे ती, अपेक्षेपेक्षा दहा टक्के कमी सांगावीत आणि त्याहून वाढलेल्या पानांचा दर तेव्हाच लिहून घ्यावा. पाने मोजायला घरातला एक भरवशाचा मुलगा आचाऱ्याच्या माणसाबरोबर उभा करावा आणि पंगत उठली की दोघांनी आकड्यावर सही करावी. एवढे केले तर शेवटच्या बिलावरून वाद होत नाही.

पदार्थांची संख्या वाढवली म्हणून जेवण चांगले होत नाही. मुख्य पंगतीला वरण-भात, मसालेभात, बटाट्याची सुकी भाजी, एक रस्सा भाजी, कोशिंबीर, चटणी, भजी, पुरी, मठ्ठा आणि एकच गोड एवढे पुरे आहे. गोडात श्रीखंड ठेवायचे असेल तर १०० पानांना साधारण दहा किलो लागते, आणि चक्का व साखर सारख्या वजनाने घेतली जाते. सकाळच्या नाश्त्याला पोहे-जिलेबीच्या पलीकडे विचार करण्याची गरज नाही. वाफेवर ठेवलेले पोहे, वर शेव, जीरावण मसाला आणि कांदा, सोबत गरम जिलेबी. पुण्या-मुंबईहून आलेले वऱ्हाड यानेच सर्वांत खूश होते, आणि १०० जणांना सहा-सात किलो पोह्यांत भागते. सीमांतपूजनाच्या रात्री दाल-बाफले (बाफले म्हणजे कणकेचे गोळे) आणि लाडू करावेत. बाफले उकळून मग भाजले जात असल्यामुळे आचाऱ्याला ते वेळेवर देता येतात, त्याबरोबर तीन-चार भाज्यांची गरज पडत नाही, आणि आपण मालव्यात राहतो हे पाहुण्यांना पहिल्याच जेवणात कळते. चाट, भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद) यांचे स्टॉल मात्र माझ्या मते टाळावेत. सराफा बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीत ते जितके छान मिळतात तितके कार्यालयात होत नाहीत, आणि स्टॉलवर खाऊन आलेला माणूस पान अर्धे टाकतो.

वाढायला खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पानांच्या पत्रावळी आणि दोने घ्यावेत, किंवा स्टीलची ताटे भाड्याने आणावीत. एकदा वापरून टाकण्याच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले आणि चमचे यांवर जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्यासाठी पंगतीच्या टोकाला दोन मोठे डबे आणि त्यांच्याजवळ एक माणूस असू द्यावा. पत्रावळीवर डावीकडे चटणी-कोशिंबीर, वर मीठ आणि लिंबाची फोड, मध्ये भाताची मूद असे पान नीट वाढले, पंगतीच्या दोन्ही बाजूंना रांगोळीची बारीक रेघ ओढली आणि श्लोक म्हणून जेवण सुरू झाले, की कोणत्याही बुफेपेक्षा ती पंगत देखणी दिसते.

वस्त्रांत जुनी पैठणी घरात असेल तर नवी घेऊ नये. पदराची जरतार उसवली असली तरी चांगला रफूगर ती बसवून देतो, आणि त्याला निदान महिनाभर वेळ द्यावा लागतो. विधींसाठी पिवळी अष्टपुत्री लागतेच आणि ती स्वस्तात मिळते. जवळच्या बायकांना द्यायच्या साड्यांसाठी महेश्वरला एक दिवस जाऊन यावे. इंदूरपासून ते सुमारे ९० किलोमीटर आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी तिथे वसवलेले विणकाम आजही चालू आहे. रेशमी ताणा आणि सुती बाणा यांमुळे ही साडी हलकी असते, काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, आणि आठ-दहा एकदम घेतल्यास विणकर दरात काही सोडतात. नवऱ्या मुलाच्या शेरवानीवर खर्च करू नये. सोवळे, उपरणे आणि पगडी यांत तो जास्त शोभतो.

दागिन्यांपैकी मंगळसूत्र आणि जोडवी एवढेच नवे हवे, बाकी आजीचे-आईचे सोने उजळून घालावे. नव्या २२ कॅरट सोन्यावर ९१६ चा हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असला पाहिजे; १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि बीआयएस केअर या अ‍ॅपवर तो क्रमांक घालून तपासता येतो. दुकानादुकानांतला फरक सोन्याच्या भावात नसतो, घडणावळीत असतो. म्हणून घडणावळ किती टक्के हे आधी विचारावे, आणि त्यावर जीएसटी धरून शेवटचा आकडा कागदावर घ्यावा.

सनईवाला दोनच तासांसाठी, मुहूर्ताच्या आधी आणि नंतर, बोलवावा. डीजेची गरज दिवसाच्या लग्नात पडत नाही. छायाचित्रकार एकच, एका दिवसासाठी पुरतो. त्याला घरच्या माणसांच्या एकत्र फोटोंची यादी हातात द्यावी, नाहीतर आत्या राहूनच जाते.

विवाह नोंदणीसाठी दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे दाखले, लग्नपत्रिका, विधींचे फोटो आणि साक्षीदारांची ओळखपत्रे एका पिशवीत आधीच ठेवावीत. १९८५ च्या नियमांप्रमाणे वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची यादी ठेवून त्यावर त्यांची सही घ्यायची असते. हे काम रात्री थकून करण्यापेक्षा, आहेर घेतानाच एखाद्या नीट अक्षराच्या मामेबहिणीकडे वही देऊन करून घ्यावे. कार्यालय सोडण्यापूर्वी भाड्याची ताटे, वाट्या आणि सतरंज्या त्यांच्या माणसासमोर मोजून त्याची पोच घ्यावी, म्हणजे अनामत रक्कम त्याच दिवशी हातात पडते.