गिरिपुष्प लावताय? मग या चुका टाळा

“फांदी खोचली की झालं.” गिरिपुष्पाबद्दल कोकणात कुणालाही विचारा, हेच उत्तर मिळेल. आणि ते अर्धं खरं आहे. फांदी खोचली की फुटते. वाळली म्हणून कुंपणाला खुंटा ठोकावा, तर तोही फुटतो. इतकं सोशिक झाड असल्यामुळेच लोक त्याच्याशी वाटेल तसं वागतात आणि मग चार वर्षांनी बांधावर २०० ऐवजी ३० झाडं उरली की म्हणतात, “आमच्या जमिनीला ते मानवत नाही.”

हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिकडे कोकोच्या मळ्यात सावलीसाठी लावत, म्हणून त्याचं स्पॅनिश नाव ‘कोकोची आई’. आपल्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भात लागवडीत, म्हणजे चार नियमांच्या पद्धतीत, दुसरं सूत्र याच्याच पाल्याचं आहे: लावणीआधी तो हिरवं खत म्हणून खाचरात टाकायचा. आंबट, निकस, तांबड्या जमिनीत ते येतं, शेंगवर्गीय असल्यामुळे मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरतं, आणि जनावरांच्या तोंडातून बांधावरचं झाड वाचतं. कोकणातल्या भातशेतीला याहून सोयीचं झाड मिळणं कठीण. फक्त त्याचं वेळापत्रक त्याचं स्वतःचं आहे, आपल्या सुट्टीचं नाही.

मे महिन्यात खोचलेली फांदी

सगळ्यात जास्त झाडं या एका चुकीने मरतात, म्हणून हिच्यावर जरा थांबू.

चित्र ठरलेलं असतं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात चाकरमानी गावी येतो. रजा आठ दिवसांची. यंदा बांधावर गिरिपुष्प लावायचंच, असं मुंबईहूनच ठरलेलं. रस्त्याकडेच्या झाडाच्या हाताला येतील त्या फांद्या तोडल्या जातात, बहुतेक अंगठ्याएवढ्या जाड, हिरव्या सालीच्या. जमीन दगडासारखी, म्हणून फांदीचं टोक तासून वरून दगडाने ठोकायचं. दीडशे-दोनशे फांद्या एका दिवसात. दहा दिवसांनी गावाहून फोटो येतो, प्रत्येक फांदीला पोपटी कोंब. घरच्या व्हॉट्सअॅपवर कौतुक होतं. गणपतीला हाच माणूस परत येतो तेव्हा निम्म्याहून जास्त फांद्या काळ्या पडलेल्या असतात. एखादी ओढून बघितली तर सुरीसारखी बाहेर येते. खालच्या टोकाची साल हाताने सोलून निघते आणि मुळाचा एक तंतूही नसतो.

झालेलं असतं असं. कोंब फुटला तो फांदीत साठलेल्या अन्नावर. मुळाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. पानं मोठी झाली की ती पाणी उडवू लागतात, खालून भरून द्यायला मूळ नाही, आणि मेचं ऊन वरून भाजतंच आहे. अंगठ्याएवढ्या फांदीत अन्न ते किती असणार? त्यातूनही जी तगते तिची ठोकताना खालची साल फाटलेली असते. जूनमध्ये तिथे पाणी मुरतं आणि ती कुजते. कोंब दिसला म्हणजे झाड लागलं, हा हिशेब डोक्यातून काढून टाका.

फांदी निवडताना वय बघा. निदान वर्षभर झालेली, मनगटाहून थोडी कमी, म्हणजे ३ ते ५ सेंटिमीटर जाडीची हवी. साल हिरवट-राखाडी झालेली आणि तिच्यावर पांढरे ठिपके उठलेले असले की ती पिकली असं समजा. बांधासाठी लांबी १ ते दीड मीटर, गुरं अडवायचं कुंपण करायचं असेल तर २ मीटर. दोन्ही टोकं तिरकी कापा, वरचं पाणी साचू नये म्हणून आणि खालचं मुळांना जागा जास्त मिळावी म्हणून. खालच्या वीतभर भागात सालीवर कोयत्याने तीन-चार उभ्या रेघा मारा, मुळं तिथून लवकर सुटतात. आणि लावायची कधी, तर मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर खोल ओली झाल्यावर. पहारीने खड्डा करा, ३० ते ४० सेंटिमीटर खोल, फांदी सोडा, माती भरा आणि टाचेने गच्च दाबा. ठोकायचं नाही. पाऊस लांबला तर तोडलेल्या फांद्या सावलीत उभ्या करून ठेवल्या तरी दोन-चार दिवस काही बिघडत नाही. उन्हात रचून ठेवलेला भारा मात्र एका दिवसात गेला समजा.

लागलंय का बघायला हलवून पाहणारे महाभाग वेगळेच. नवं मूळ कोवळं असतं, एका हिसक्यात तुटतं. सप्टेंबरपर्यंत हात लावू नका.

आणखी थोड्या, पटकन सांगण्यासारख्या

फांदी उलटी लावू नका. हसू येईल, पण भाऱ्यात टोकं उलटसुलट झाली की शंभरात पाच-सात उलट्या जातातच. खालचं टोक तोडतानाच जास्त तिरकं कापा, मग ओळख राहते.

पाणी तुंबतं त्या खाचराच्या पोटात लावू नका. बांधाच्या माथ्यावर लावा. याला पाऊस चालतो, पायाशी उभं पाणी चालत नाही.

काटेरी तार पहिल्याच वर्षी खिळ्याने मारू नका. सुंभाने सैल बांधा. खोड बळकट झालं की मग खिळा.

अंतर: कुंपणाला एक फूट, पाल्यासाठी बांधावर दीड ते दोन फूट. चार फुटांवर लावून मग “पाला पुरत नाही” म्हणायचं नाही.

शेंड्यावर मावा पडून पानं चिकट, काळी झाली तर घाबरून औषध मारू नका. तेवढे शेंडे छाटा.

पाल्याचा हिशेब

दुसरी मोठी चूक पाला वापरण्यातली, आणि ती करणाऱ्यांत जुने शेतकरीही आहेत. पूर्वी राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, ऐन-किंजळाची कवळं (पाल्याच्या फांद्यांचे भारे) तोडली जात, तेव्हा ‘एवढे भारे’ असा मोघम हिशेब चालायचा. गिरिपुष्पाला तोच लावला की फसतो.

शिफारस आहे हेक्टरी ३ टन, म्हणजे आरला ३० किलो. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच, तेव्हा गुंठ्याला ३० किलो धरा. हे वजन पाल्याचं आहे, दांड्यांसकट भाऱ्याचं नाही. एकदा एक भारा काट्यावर घाला, मग पाला ओरबाडून नुसता पाला तोला. किती भारे लागतात ते कळेल आणि पुढे कायम कामाला येईल.

वजनाचा एवढा आग्रह का, ते आकड्यांतच बघा. ओल्या पाल्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. वाळलेल्या पाल्यात नत्र साधारण ३ ते ४ टक्के. म्हणजे ३० किलो ओल्या पाल्यातून गुंठ्याला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास नत्र, जवळपास अर्धा किलो युरियाइतका. शिवाय जमिनीला सेंद्रिय पदार्थ मिळतो तो वेगळा. आता कुणी दोन कवळं, म्हणजे ५ किलो पाला, गुंठ्यात फेकला तर युरियाच्या भाषेत त्याने मूठभर दाणे टाकले. एवढ्यावर “मी सेंद्रिय केलं” म्हणून खत बंद करणारे आहेत, आणि ऑगस्टमध्ये भात पिवळं पडलं की दोष गिरिपुष्पाला.

टाकायचा कसा? लावणीच्या सात-आठ दिवस आधी, खाचर नांगरून ओलं झालेलं असताना, फांद्या अख्ख्याच्या अख्ख्या सारख्या पसरा. पानं बारीक तोडत बसायची गरज नाही. चार-सहा दिवसांत ती आपोआप गळतात. मग उरलेल्या काटक्या उचलून बांधावर टाका, वाळल्या की चुलीला उत्तम जळण होतं. त्यानंतर चिखलणी आणि लावणी.

घाईचे लोक ही एक पायरी गाळतात. फांद्या तशाच पॉवर टिलरखाली घालतात. मग दांड्या टिलरच्या पात्यांत गुंडाळतात, लावणीवाल्या बायकांच्या तळपायात घुसतात, आणि कापणीपर्यंत त्या कुजतही नाहीत. लाकूड कुजताना उलट जमिनीतलाच नत्र ओढून घेतं. एक दिवस काटक्या उचलायला नको म्हणून हा सगळा व्याप.

दुसरे घाईचे लोक सकाळी पाला टाकून संध्याकाळी लावणी करतात. ताजा पाला चिखलात दडपला की पहिल्या आठवड्यात तो झपाट्याने कुजतो, त्यात आम्लं तयार होतात, मुळांपाशी प्राणवायू उरत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत तरवा, म्हणजे नुकतं लावलेलं भाताचं रोप, जीव धरायला धडपडत असतो. चूड (एकत्र लावलेल्या रोपांचा झुबका) पिवळी पडते आणि बसून राहते. उलट महिनाभर आधी टाकला तर बराचसा नत्र पिकाच्या आधीच निसटतो. सात-आठ दिवस हा आकडा उगाच आलेला नाही.

आणि पाला टाकल्यावर खाचराचं तोंड बांधा. कोकणच्या पावसात वरच्या खाचरातून खाली पाणी चालूच असतं. तोंड उघडं ठेवलंत तर चहासारखं तांबूस पाणी वाहताना दिसेल, ते तुमचं खत आहे आणि ते खालच्या खाचरवाल्याला मिळतंय.

छाटणीची तारीख मागून मोजायची

समजा लावणी १० जुलैला आहे. पाला २ जुलैच्या सुमाराला खाचरात पडायला हवा. भरगच्च पाल्यासाठी फुटव्याला आठ-दहा आठवडे लागतात. म्हणजे एप्रिलच्या मध्यानंतर या झाडाला कोयता लावायचा नाही. जळण संपलं म्हणून मे महिन्यात बांधावर कोयता फिरवणाऱ्या घरात जुलैला पाला विकत आणायची वेळ येते. जळण हवं तर थंडीत काढा. तेव्हा झाड पानं गाळून फुलावर येतं, पाल्याचं नुकसान होत नाही. अर्थात मधमाश्या पाळत असाल तर निम्मी झाडं फुलासाठी सोडा.

पहिलं वर्ष छाटणीच नको. दुसऱ्या पावसाळ्यात पहिला कोयता, जमिनीपासून ७५ सेंटिमीटर ते १ मीटरवर. त्याहून खाली कापलं तर गवत आणि गुरं फुटवा दाबतात, वर सोडलं तर भातावर सावली पडते आणि तोडायला शिडी लागते. जुलैच्या तोडणीनंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा पाला येतो. तो नारळाच्या आळ्यात किंवा कलमांच्या बुंध्याशी घाला. कोयता धारदार हवा. बोथट कोयत्याने खोड उभं चिरतं आणि त्या चिरेत पाणी शिरून खुंट मरतो.

शेळीने तोंड फिरवलं तर

वासामुळे शेळ्या-गाई सुरुवातीला खात नाहीत. त्यावर “जनावरं खात नाहीत” असा निकाल देऊ नका. रात्रभर सुकवलेला पाला नेहमीच्या वैरणीत मूठ-मूठ मिसळून द्या, आठवड्याभरात सवय होते. तरी एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ नका. कोंबड्या, ससे आणि घोडे यांना अजिबात नको, त्यांना ते विषारी आहे. बुरशी आलेला पाला तर कुणालाच घालू नका. त्यातल्या वासाच्या द्रव्यापासून बुरशी असं रसायन बनवते की रक्त गोठायचं थांबतं.

उंदीरमारी नावाचं रहस्यही हेच. धान्यात पाला किंवा साल आंबवून उंदरांना घालत, त्यातून ते मरत. बांधावर झाड नुसतं उभं असल्याने उंदीर पळत नाहीत. त्याच्याच मुळाशी बीळ करून राहतात. आणि घरी आमिष बनवायला जाऊ नका, पहिली कोंबडी मरते.

बियांची रोपं, घाई नसलेल्यांसाठी

फांदीपासून वाढलेल्या झाडाला सोटमूळ नसतं, मुळं वरच्यावर पसरतात. कातळावर जेमतेम हातभर माती असेल किंवा उघड्या माळावर वारा जोरात असेल तर अशी झाडं कलंडतात, उन्हाळ्यातही लवकर सुकतात. तिथे बियांचीच रोपं लावावीत. मे महिन्याच्या रजेवर आलेल्या चाकरमान्यालाही खरं काम हेच आहे. बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं. सुबाभळीसारखं गरम पाणी लागत नाही, उकळतं पाणी ओतून बी शिजवू नका. पिशवीत दोन बिया, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल. घरच्यांनी पाणी घातलं की जुलैच्या मध्यापर्यंत फूटभर रोप तयार, आणि पावसात ते बांधावर.

बी घ्यायला उशीर करू नका. शेंग पिवळसर तपकिरी झाली की तोडायची. झाडावरच पूर्ण वाळू दिली तर ती फट्कन उकलते आणि बी वीस-पंचवीस मीटरवर फेकते. अंगणात वाळत घातलेल्या शेंगाही दुपारी उन्हं चढली की तशाच तडतडू लागतात, बिया थेट पडवीच्या कौलांवर. वर जुनी साडी पसरून ठेवा आणि कडेला दगड ठेवा.