‘फ्यू’ की ‘अ फ्यू’?

मराठीतल्या ‘थोडे’ या एका शब्दासाठी इंग्रजीत ‘फ्यू’, ‘अ फ्यू’, ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ असे चार पर्याय येतात, आणि त्यांतला एवढासा ‘अ’ गळला तरी वाक्याचा रोख उलटतो.

वाक्य आधी मनात मराठीत म्हणावे. ‘थोडे तरी आहेत’ हा भाव असेल तर ‘अ’ ठेवावा, ‘फारसे नाहीत’ हा असेल तर काढावा. ‘आय हॅव अ फ्यू क्वेश्चन्स’ म्हणजे मला काही प्रश्न विचारायचे आहेत. पण वरिष्ठांना पाठवलेल्या ईमेलमध्ये तो ‘अ’ राहून गेला, तर आपल्याला फारसे प्रश्नच नाहीत असा त्याचा अर्थ होतो.

त्यानंतर नामाआधी ‘थ्री’ लावून पाहावे, मात्र इंग्रजी नामाआधी. ‘थ्री बुक्स’ चालते, म्हणून तिथे ‘फ्यू’; ‘थ्री फर्निचर्स’ चालत नाही, म्हणून तिथे ‘लिटल’. आपली खरी फसगत ‘पैसे’ या शब्दापाशी होते, कारण मराठीत तो अनेकवचनी असल्यामुळे हातून सहज ‘अ फ्यू मनी’ लिहिले जाते. बरोबर रूप ‘अ लिटल मनी’ हेच आहे. ‘इन्फर्मेशन’ आणि ‘अ‍ॅडव्हाइस’ यांनाही हेच लागू आहे. ‘मेनी’ आणि ‘मच’ यांतली निवडही याच कसोटीने होते.

एक सावधगिरी बाळगावी: ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे मोजके नव्हे, तर बरेच.