भाऊबीजेला व्हिडिओ कॉलवर खेळायचे असेल, तर आधी काय काय करून ठेवावे

एक घर बेळगावात, दुसरे कोल्हापुरात, तिसरे बेंगळुरूत आणि एखादे थेट न्यू जर्सीत, असा पसारा असलेल्या कुटुंबाने सुट्टीत व्हिडिओ कॉलवर खेळायचे ठरवले, की आधी सुट्टी कोणाची हे पाहावे लागते. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला असते आणि दिवाळीला मोजके दिवस मिळतात. महाराष्ट्रातल्या शाळांचे नेमके उलटे. बेळगावच्या टिळकवाडीतली मुले मोकळी असतात तेव्हा कोल्हापूरच्या मामेभावंडांची सहामाही तोंडावर आलेली असते, आणि त्यांना सुट्टी लागून आठवडा होतो न होतो तोच इकडची मुले पुन्हा दप्तर उचलतात. दोन्हीकडची मुले एकदम सापडतात ती दिवाळीच्या चार दिवसांत, नाहीतर मे महिन्यात. यांतला कोणताही काळ निवडला तरी पाऊस वाट्याला येऊ शकतो, मे महिन्यात वळवाचा आणि दिवाळीच्या सुमारास लांबलेला परतीचा. आणि आपल्याकडे पाऊस आला की वीज जाते, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

दिवाळीच्या दिवसांत १ नोव्हेंबर येत असेल, तर बेळगाव शहरातल्या घरांनी ती संध्याकाळ सोडून द्यावी. सकाळी मराठी भाषिकांची काळ्या दिनाची फेरी असते, संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते, आणि चन्नम्मा चौकाच्या आसपास राहणाऱ्यांना त्या वेळी शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकू येत नाही, मग हाऊजीचे आकडे कुठून ऐकू यायला?

वेळ ठरवताना परदेशातल्या घराचे घड्याळ स्वतः मोजावे, अंदाजाने ठरवू नये. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे नेतात, इंग्लंडमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि आपली दिवाळी बरोबर या तारखांच्या अलीकडे-पलीकडे फिरत असते. २०२४ साली तर भाऊबीज आणि अमेरिकेतला घड्याळबदल दोन्ही ३ नोव्हेंबरलाच आले होते. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असताना न्यू जर्सीत घड्याळबदलाच्या आधी सकाळचे दहा वाजलेले असतात आणि नंतर नऊ. २०२६ ची दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, म्हणजे या खेपेस फरक साडेदहा तासांचा धरावा. दुबईवाल्यांचा फरक बारा महिने दीड तासाचाच असतो. त्यांची चिंता नको.

आता मुख्य गोष्ट. राउटर इन्व्हर्टरवर चालतो आहे का, हे पाहावे. ‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे’ असे सगळेच सांगतात, आम्हीही सांगत होतो. मागच्या वेळी हाऊजीची पहिली ओळ कोणाची लागते म्हणून सगळे श्वास रोखून बसले असताना वीज गेली, दिवा लागला, पंखा फिरत राहिला, आणि आकडे काढणारे आमचेच घर पडद्यावरून नाहीसे झाले. घरातले वायरिंग करताना इन्व्हर्टरची लाइन बहुधा प्रत्येक खोलीतला एक दिवा आणि एक पंखा एवढ्यांनाच दिलेली असते. राउटर मागाहून आलेला असतो, आणि तो टीव्हीच्या मागे, चपलांच्या कपाटावर किंवा जिन्याच्या कोपऱ्यात जिथे रिकामा पॉइंट सापडला तिथे लावलेला असतो. त्या पॉइंटला इन्व्हर्टरचा पुरवठा असेलच असे नाही. त्यातून काही घरांत फायबरची पेटी वेगळी आणि वाय-फायचा राउटर वेगळा असतो, म्हणजे अ‍ॅडाप्टर दोन झाले, आणि दोन्ही चालू राहिले तरच कॉल चालू राहतो. एकच लावून समाधान मानू नये.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी कोणाला तरी फोनचा मोबाइल डेटा बंद करून व्हिडिओ कॉल लावायला सांगावे आणि मेन स्विच पाडावा. मेन स्विच खरोखर पाडायचा आहे, मनातल्या मनात नव्हे. पाच मिनिटे तसेच थांबावे, कारण कधीकधी फायबरची पेटी क्षणभर डोळे मिटून पुन्हा सुरू होते आणि तेवढ्यात कॉल तुटलेला असतो. कॉल तुटला, तर इन्व्हर्टरच्या पॉइंटपासून एक्स्टेंशन बोर्ड ओढून आणावा. वायर दारात आडवी येते म्हणून घरातली मंडळी कुरकुर करतील, त्यांना एक दिवस कुरकुरू द्यावे. इन्व्हर्टरच नसेल, तर फक्त राउटरपुरता चालणारा छोटा यूपीएस बाजारात मिळतो. अ‍ॅडाप्टरवर १२ व्होल्ट लिहिले आहे की ९, हे वाचूनच तो घ्यावा. ‘लाइट गेली तर मोबाइलचा डेटा आहेच’ या भरवशावर राहू नये, कारण तेच गल्लीतली सगळी घरे एकदम करतात आणि टॉवरची गती बसते. खानापूरच्या पलीकडे जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला ज्यांची माणसे आहेत, त्यांना तर हे सांगायलाही नको.

अ‍ॅपची निवड फार चघळू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना जे रोज वापरून ठाऊक आहे तेच घ्यावे, आणि ते बहुधा व्हॉट्सअ‍ॅप असते. त्यावर एका कॉलमध्ये ३२ जण मावतात. झूमवर पैसे न भरता ४० मिनिटे मिळतात आणि गूगल मीटवर तिघे किंवा त्याहून अधिक माणसे असतील तर ६० मिनिटे, म्हणून तिथे खेळणाऱ्यांनी मधल्या फराळाची वेळ त्या हिशेबाने आधीच धरावी. एका खोलीत दोन फोन कॉलला जोडले की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते, हे आता शेंबड्या पोरालाही कळते.

खेळ निवडताना एकच गोष्ट पाहावी: जो आधी ओरडेल तो जिंकला, असा खेळ व्हिडिओ कॉलवर घेऊ नये. आवाज पोहोचायला प्रत्येक घरी वेगवेगळा उशीर लागतो, त्यामुळे ज्याचे इंटरनेट चांगले त्याचे उत्तर पहिले ठरते आणि न्यू जर्सीचा भाचा रुसून कॅमेरा बंद करतो. त्यावर उत्तम उपाय म्हणजे पाटी. प्रत्येक घरात एक जुनी दगडी पाटी आणि खडू ठेवावा, प्रश्न विचारल्यावर सगळ्यांनी उत्तर लिहावे आणि ‘दाखवा’ म्हटल्यावर एकदम पाटी वर करावी. कागदावरच्या बारीक पेनाच्या अक्षरांपेक्षा काळ्या पाटीवरचा पांढरा खडू कॅमेऱ्यात कितीतरी स्वच्छ वाचता येतो, आणि ट्यूबलाइटची तिरीपही त्यावर चमकत नाही. पाटी धरण्याआधी पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय बंद करावी, नाहीतर अ‍ॅप माणसाचा चेहरा ठेवते आणि हातातली पाटीच पुसून टाकते. स्वतःच्या पडद्यावर अक्षरे उलटी दिसली तरी पाटी फिरवू नये. तो आपल्यापुरता आरसा असतो, समोरच्यांना सरळच दिसते. आमचे काका दर वेळी ती उलटी करून पाहतात.

पाटीला सर्वांत शोभणारा खेळ म्हणजे नाव-गाव-फळ-फूल. एका अक्षराला एक मिनिट द्यावे. ण, ळ, ङ, ञ ही अक्षरे आधीच वगळावीत. दोघांचे उत्तर सारखे आले तर पाच गुण, वेगळे आले तर दहा, या हिशेबात बेळगावकरांचे हमखास नुकसान होते, कारण ‘य’ आला की इकडची तिन्ही घरे येळ्ळूर लिहून पाच-पाच गुणांवर बसतात आणि कोल्हापूरवाला शांतपणे यवतमाळ लिहून दहा गुण नेतो. म्हणून जिल्ह्यातली गावे जरा आठवून ठेवावीत: ‘ह’ला हिंडलग्याबरोबर हलगा आणि हुक्केरी आहेत, ‘क’ला काकती, कडोली, कंग्राळी आणि कित्तूर, ‘न’ला निपाणीखेरीज नंदगड आहे, आणि ‘उ’ला उचगाव. मोठे गाव कोणते आणि वाडी कोणती यावरून भांडण होणारच, तेव्हा पिनकोड असला तर गाव धरायचे की नाही ते सुरुवातीलाच ठरवावे. बेंगळुरूत शिकणाऱ्या मुलांना देवनागरी भरभर लिहिता येत नसेल, तर त्यांना कानडीत किंवा इंग्रजीत लिहू द्यावे. लिपीवरून गुण कापणारी आत्या घरात असल्यास तिला आधी समजवावे.

हाऊजीला तयारी अधिक लागते. तिकिटावर आडव्या ३ ओळी आणि उभे ९ रकाने असतात, प्रत्येक ओळीत ५ याप्रमाणे एकूण १५ आकडे, पहिल्या रकान्यात १ ते ९ आणि शेवटच्यात ८० ते ९०. ही तिकिटे प्रत्येक घराने आदल्या दिवशी हाताने काढावीत आणि पहिला आकडा निघण्याआधी त्यांचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकावेत, म्हणजे नंतर कोणी आकडा खोडून दुसरा लिहिल्याचा संशय राहत नाही. हा संशय उगाच नसतो. आकडे पुकारताना एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी येथे इंग्रजी माध्यमातली मुले अडखळतात; एकोणसत्तर ऐकून ती सत्तरच्या रकान्यात बोट फिरवत राहतात. म्हणून ‘एकोणसत्तर, सहा-नऊ’ असे दोनदा म्हणावे, चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरावी, आणि सूनबाई धारवाडच्या असतील तर ‘अरवत्तोंबत्तु’ही म्हणावे, त्यांना बरे वाटते. जल्दी पाच, तीन ओळी, चार कोपरे आणि फुल हाऊस एवढी बक्षिसे पुरतात.

आणि निघालेले आकडे दुसऱ्या गावातल्या एका माणसाने वहीत लिहून ठेवावेत. आकडे काढणाऱ्या घराची वीज गेली आणि राउटर गेला, तर किती आकडे निघाले आणि कोणते, हे सांगणारे कॉलवर कोणीच उरत नाही, आणि मग सगळ्यांनी आपापल्या तिकिटावर खोडलेले आकडे जुळवायचा जो गोंधळ होतो तो पाहण्यासारखा असला तरी करण्यासारखा नाही. तो मेन स्विच पाडून पाहिला का? नसेल तर हे वाचणे थांबवून आधी ते करावे.

मुकाभिनयाच्या खेळात, म्हणजे आपल्या दमशेराजमध्ये, फोन आडवा आणि कमरेइतक्या उंचीवर ठेवावा, त्यापासून चार-पाच पावले मागे उभे राहावे, आणि सिनेमाचे नाव खेळणाऱ्याला त्याच्या एकट्याच्या चॅटवर पाठवावे. ते घाईत ग्रुपवर पडतेच पडते. पाठवण्याआधी वर कोणाचे नाव आहे ते वाचावे. अंताक्षरीत घरांचा क्रम ठरवून एकेकाने गावे, सगळ्यांनी मिळून गायला जाऊ नये, कारण प्रत्येक घरी सूर वेगळ्या क्षणी पोहोचतो आणि कीर्तनाचा गलका होतो. शिवाय आवाज गाळणारी सोय चालू असली की टाळ्या आणि पेटीचा सूर ती गोंगाट समजून गाळून टाकते, म्हणून ती बंद करावी. कानडी गाणी चालतील की नाही, हे आधी ठरवावे. आमच्याकडे चालतात, आणि त्यामुळे बेंगळुरूचे घर जिंकते. घरातली वस्तू शोधून आणण्याचा खेळ लहानांना फार आवडतो, पण अंगणात पणत्या तेवत असताना पोरांना पळवू नये. पत्ते आणि कॅरम कॅमेऱ्यावर होत नाहीत, प्रयत्नही करू नये. फोनवरचा ल्युडो खेळायचा असेल, तर कॉलसाठी दुसरा फोन लागतो.

मुलांनी अंगणात किल्ला केला असेल, तर तो सुरुवातीलाच दाखवून घ्यावा. अंधार पडल्यावर मावळे दिसत नाहीत आणि मुले हिरमुसतात.

प्रत्यक्ष दिवशी फोन पूर्ण चार्ज असावा, आजीच्या कानाचे यंत्र तिच्या कानात असावे, डब्यात नव्हे, आणि पाटी पुसायला ओले फडके जवळ असावे. कॉल टीव्हीवर दाखवणार असाल, तर टीव्ही इन्व्हर्टरवर नसतो हे ध्यानात घेऊन शेजारी फोन उघडाच ठेवावा. राउटरचे दोन्ही प्लग इन्व्हर्टरच्या बोर्डावर आहेत ना, हे कॉल लावण्याच्या अर्धा तास आधी पुन्हा पाहावे, कारण कोणीतरी मिक्सर लावायला त्यातला एक काढलेला असतो.

बक्षिसे नंतर पाठवावीत. बेळगावची मिठाई कुंदा दुधाचा, तो जवळच्या गावीच द्यावा. लांब पाठवायला गोकाकचा सुक्यामेव्याचा करदंट बरा. न्यू जर्सीच्या विजेत्याला पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबायला सांगावे. गुणांचा कागद फोटो काढून ग्रुपवर टाकावा, आणि एक्स्टेंशन बोर्ड दुसऱ्या दिवशी दारातून काढावा.