ट्रेनिंगला जाण्याआधी बघा, मशीन कोणाच्या हातात असतं

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावाकडच्या पोरांचे फोन सुरू होतात. आयटीआय करू का, तीन महिन्यांचा सीएनसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) कोर्स करू, की कंपनीत ट्रेनी म्हणून सरळ चिकटू? मी सांगली जिल्ह्यातल्या सरकारी आयटीआयमधून मशिनिस्ट झालो, पिंपरीत अॅप्रेंटिसशिप केली आणि आता भोसरीत एका टूल रूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागात, सेटर (मशीन लावून देणारा) आहे. हाताखाली सगळीकडून शिकून आलेली पोरं येतात. कोण खरोखर शिकून आलाय आणि कोण नुसता बसून आलाय, ते दोन दिवसांत कळतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सर्टिफिकेटवर कोणाचा शिक्का आहे यावरून प्रशिक्षणाची प्रत ठरत नाही. मशीन दिवसातून किती वेळ तुमच्या हातात येतं, आणि तुम्ही केलेला जॉब मोजून 'इथे चुकलं' म्हणणारा माणूस जवळ आहे का, हे बघायचं.

आयटीआयत पहिले काही आठवडे कानस चालवायला लावतात. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरायचा, घासायचा, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे बघायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. हात सोलून निघतात आणि अनेकांना वाटतं, सीएनसीच्या जमान्यात हे कशाला? पण सपाट म्हणजे काय, काटकोन म्हणजे काय, हे हाताला तिथेच कळतं. आमचे निदेशक मायक्रोमीटर हातात द्यायचे, माप वाचायला लावायचे आणि मग तोच जॉब स्वतः मोजायचे. दोघांच्या मापात फरक आला की पुन्हा मोजायला लावायचे. ०.०१ मिलीमीटर म्हणजे किती, हे पुस्तकातून समजत नाही. मायक्रोमीटरच्या टोकाचा रॅचेट किती फिरवायचा, याचा अंदाज बोटांना यावा लागतो.

सगळ्याच आयटीआयत हे होतं असं नाही. कुठे निदेशकाची जागा रिकामी असते, कुठे मटेरियल नसतं, कुठे मशीन बंद पडून ताडपत्रीखाली असतं. त्यामुळे प्रवेशाच्या ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम भरण्याआधी तिथे एकदा स्वतः जाऊन या. वर्कशॉपमध्ये डोकावा. फरशीवर लोखंडाचा कीस आणि कूलंटचा (कापताना मशीनवर सोडतात त्या द्रवाचा) वास असेल, तर काम चालू आहे. मशीनवर धूळ बसलेली असेल तर दुसरं आयटीआय बघा. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठून एकच प्रश्न विचारा, 'या आठवड्यात कोणता जॉब केला?' ज्यानं केला असेल तो हातवारे करून सांगतो.

आता लहान कोर्सेसबद्दल. असे कोर्स चालवणारी केंद्र सरकारची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ मध्ये आली, तेव्हापासून तालुक्यातालुक्यात केंद्रं निघाली. ज्याला मापन येतं, ड्रॉइंग वाचता येतं, त्याला तीन-चार महिन्यांचा सीएनसीचा कोर्स खूप देऊन जातो. ज्याला काहीच येत नाही, तो त्यातून बहुतेक वेळा बटण दाबणारा होऊन बाहेर पडतो.

हा फरक नीट समजून घ्या, कारण पुढचा पगार यावरच ठरतो. समजा लेथवर २५ मिलीमीटर व्यासाची शाफ्ट चालू आहे. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजायला लागला की माप हळूहळू वाढतं. नुसता ऑपरेटर पीस लावतो, सायकल स्टार्ट दाबतो, पीस काढतो आणि माप बाहेर गेलं की सेटरला हाक मारतो. ज्याला शिकवलंय तो दर काही पीसनंतर मोजतो, ०.०२ वाढलेलं दिसलं की एक्सच्या (व्यासाच्या दिशेच्या) वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झीज भरून काढायच्या आकड्यात, उणे ०.०२ टाकतो आणि इन्सर्ट कधी बदलायचा तेही ठरवतो. कोर्स लावण्याआधी विचारा: ऑफसेट आम्ही स्वतः घालणार का? टूल सेटिंग आम्ही करणार का? की कॉम्प्युटरवर सिम्युलेटर दाखवून संपवणार? सिम्युलेटर वाईट नाही. पण त्यात टूल धडकलं तर आवाज येत नाही आणि भीतीही बसत नाही. ती थोडी बसलेली बरी.

सगळ्यात सावध राहायचं ते 'ट्रेनी' नावाच्या भरतीबद्दल. आयटीआयनंतर मी काही महिने चाकण भागात एका ठेकेदारामार्फत ट्रेनी होतो. पत्रावर सीएनसी ट्रेनिंग लिहिलं होतं, काम मात्र पेट्या भरायचं आणि ट्रॉली ढकलायचं. विचारलं की 'पुढच्या महिन्यात मशीनवर घेऊ' हे उत्तर. माझ्याबरोबरच्या कितीतरी हुशार पोरांचं वर्ष तिथे गेलं. रूमचं भाडं आणि मेस भागवून घरी पाठवायला काही उरायचं नाही. त्या पोरांबद्दल मला आजही वाईट वाटतं, कारण शिकायची त्यांची तयारी पूर्ण होती.

कायद्यातली अॅप्रेंटिसशिप ही वेगळी गोष्ट. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली लेखी करार होतो आणि तो सरकारच्या पोर्टलवर नोंदवला जातो. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये केलं. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते, आणि मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. तक्रार असेल तर जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्रात, म्हणजे शिकाऊ उमेदवारांचं काम बघणाऱ्या सरकारी केंद्रात जायचं. म्हणून कोणी 'अॅप्रेंटिस घेतो' म्हणालं की पहिल्याच दिवशी कराराचा नोंदणी क्रमांक मागा. खरं असेल तर तो द्यायला कोणी का-कू करत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच पक्की डोक्यात ठेवा. अॅप्रेंटिसशिप संपली म्हणजे त्याच कंपनीत नोकरी मिळेलच, असं कायदा सांगत नाही. २० मार्च २०१८ ला माटुंगा-दादर दरम्यान रेल्वेचे अॅप्रेंटिस रुळांवर उतरले होते, ते याच दुखण्यामुळे. प्रशिक्षण पुरं केलेल्यांना रेल्वेच्या खालच्या स्तरावरच्या भरतीत वीस टक्के राखीव जागा होत्या, आणि ही पोरं सरसकट सामावून घ्या म्हणत होती. त्यांचा राग मला समजतो. ऐन उमेदीचं वर्ष देऊन घरी परत जायचं म्हणजे काय, ते आई-बापाच्या तोंडाकडे बघितल्यावर कळतं. तरी नव्या पोरांना मी हेच सांगतो की ते वर्ष नोकरीच्या आशेवर काढू नका. कंपनीतलं प्रत्येक मशीन बघून घ्या, मेंटेनन्सवाल्यांच्या मागे फिरा, क्वालिटीत जाऊन गेज हाताळा.

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेबद्दलही बरेच विचारतात. राज्य सरकारची ही योजना २०२४ मध्ये सुरू झाली. कारखान्यात किंवा कार्यालयात काम शिकायचं आणि विद्यावेतन सरकार देतं. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना. मुदत आधी सहा महिने होती, नंतर पाच महिने वाढवली. पैशांचा आधार खरा आहे, तो नाकारणार नाही. पण माझ्या ओळखीतली काही पोरं शाळेत, ग्रामपंचायतीत लागली आणि त्यांनी डेटा एन्ट्री केली. फिटर झालेल्या पोरानं अकरा महिने फाईली लावल्या तर त्याचा हात बसतो कुठे? जागा निवडायची संधी मिळाली तर आपल्या ट्रेडचा कारखाना निवडा. कोल्हापूर-सांगलीकडच्या पोरांना शिरोली, गोकुळ शिरगाव, कुपवाड, पलूस अशा जवळच्या एमआयडीसीत मिळालं तर फारच छान. घरचं जेवण असलं की तेवढाच पैसा पुरतो.

मुलींनी आणि त्यांच्या आई-वडिलांनी आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: शिफ्ट कोणत्या आणि बस थेट गावाच्या फाट्यापर्यंत येते का. आमच्या टूल रूममध्ये आलेल्या दोन मुली मापनात सगळ्यांपेक्षा पक्क्या निघाल्या. त्यातली एक केवळ दुसऱ्या शिफ्टला बस नव्हती म्हणून सोडून गेली. असं होऊ नये.

कंपन्यांतही आणि संस्थांतही 'आमचे सगळे विद्यार्थी लागले' असं सांगतात. तिथे विचारा, वर्षानंतर त्यातले किती टिकले? आणि मागच्या बॅचच्या दोघांचे नंबर मागा. मी तर पोरांना सांगतो, चहाच्या टपरीवर गेटाबाहेर उभं राहा आणि पहिली शिफ्ट सुटताना गणवेशातल्या एखाद्याला गाठा. पाच मिनिटांत खरं काय ते कळतं.

अॅप्रेंटिसशिपनंतरची परीक्षा चुकवू नका. नोकरी लागली म्हणून बरेच जण ती देत नाहीत आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र हातचं जातं. बऱ्याच सरकारी भरतींत ते मागतात. आणि दोन वर्षांचा ट्रेड झालेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, त्याचे अर्ज निकालानंतर लगेच सुटतात. त्यामुळे मार्कशीट आणि दाखल्याच्या प्रती आत्ताच काढून ठेवा.