धसका घेतलेल्या माणसासाठी योग्य तज्ज्ञ कसा शोधावा

अपघात, हल्ला, पूर यांनंतर चार-आठ दिवस झोप उडते. बहुतेकांची घालमेल हळूहळू ओसरते. पण महिना उलटूनही दचकून उठणं, तो रस्ता टाळणं, प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं चालूच असेल, तर तज्ज्ञ गाठा. जीव द्यायची भाषा निघाली तर महिना मोजत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना.

पत्ते मिळणं अवघड नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार मिळतात.

खरी गोम माणूस निवडण्यात. 'समुपदेशक' अशी पाटी कोणीही लावतो. हायवेवरच्या अपघातानंतर माझ्या दिराला आम्ही घराजवळ म्हणून एकाकडे नेलं. पहिल्याच बैठकीत त्याने "मोकळा हो, सगळं सांगून टाक" म्हणत अपघात पहिल्यापासून वदवून घेतला. दीर दोन रात्री हॉलमधला दिवा लावून बसून होता. पुढे पाच महिने कोणाकडेही जायचं नाव काढेना.

तेव्हापासून मी आधी फोन करते. शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा) नोंदणी क्रमांक? ट्रॉमासाठी, म्हणजे अशा धसक्यासाठी, कोणती पद्धत वापरता? ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी (धसक्यातून आलेले विचार आणि टाळाटाळ बदलायची बोलण्याची थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवण हाताळायची पद्धत), असं काहीतरी नेमकं ऐकू यायला हवं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: पहिल्या दोन-तीन भेटींत काय करता? "आधी ओळख, झोप, घाबरल्यावर सावरायचं कसं ते, प्रसंगाकडे त्यांच्या कलाने" असं म्हणाले तर वेळ घ्या. "तीन सेशनमध्ये गॅरंटी" म्हणाले तर फोन ठेवा. भीड बाळगू नका. जाणकार माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही, आणि ज्याला येतो त्याच्याकडे आपलं काम नाही.

फी तेव्हाच विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विम्यात मानसिक आजारही धरावे लागतात, पण तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च आहे का ते बघा.

"बीपी दाखवून येऊ" म्हणून फसवून नेऊ नका. त्याला जे छळतंय त्यावरच बोला. दीर दुसऱ्यांदा तयार झाला तो फक्त झोपेसाठी.

तिथे आपण बाहेर बाकावर बसायचं. परतताना "काय बोललास?" अजिबात नाही. उसाचा रस घ्यायचा का, एवढंच विचारा.