माल्टात कायदेशीर क्रिप्टो एक्स्चेंज उभं करताना: कामाचा क्रम आणि अडणाऱ्या जागा

क्रिप्टो एक्स्चेंज काढायचं म्हटलं की नव्या माणसाच्या डोक्यात आधी मॅचिंग इंजिन (खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी जुळवणारं सॉफ्टवेअर) येतं, मग ॲप, मग परवाना आणि सगळ्यात शेवटी बँक. माल्टासारख्या छोट्या देशात हा क्रम उलटा लावावा लागतो. सॉफ्टवेअर विकत मिळतं, ऑर्डर बुक (खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींची यादी) काही महिन्यांत उभी राहते. पण ग्राहकांचे युरो ठेवायला तयार असलेली बँक आणि कोणत्याही क्षणी 'कुणाचं नाणं कुठे आहे' हे दाखवणारी खातेवही, या दोन गोष्टी नसतील तर बाकी सगळं तयार असूनही दार उघडत नाही. या क्षेत्रात नोकरीसाठी येणाऱ्यांनीही हे आधी समजून घ्यावं, कारण रोजचं निम्मं काम याच दोन गोष्टींभोवती फिरतं.

आधी कायदा कोणता ते पक्कं करा

माल्टाचा व्हर्च्युअल फायनान्शियल ॲसेट्स कायदा १ नोव्हेंबर २०१८ला लागू झाला आणि त्या काळात बऱ्याच कंपन्या या बेटाकडे आल्या. त्या कायद्यावरची जुनी मार्गदर्शनं आजही वाचायला मिळतात. त्यांच्या भरवशावर तयारी करू नका. आता युरोपीय संघाचा क्रिप्टो बाजारासाठीचा 'मायका' नियम (२०२३/१११४) लागू आहे. स्टेबलकॉइनसंबंधीचा (म्हणजे चलनाशी भाव बांधलेल्या नाण्यांचा) भाग ३० जून २०२४पासून आणि एक्स्चेंजसाठीचा भाग ३० डिसेंबर २०२४पासून. जुन्या परवानाधारकांना सवलतीची जास्तीत जास्त मुदत १ जुलै २०२६पर्यंतची. नव्या कंपनीला अशी सवलत नाही, परवाना हातात येईपर्यंत एकही ग्राहक घेता येत नाही. परवाना देते माल्टा फायनान्शियल सर्व्हिसेस ॲथॉरिटी, म्हणजे एमएफएसए. मनी लाँडरिंगच्या बाबतीत देखरेख असते एफआयएयू या वेगळ्या संस्थेची. दोघांचे प्रश्न वेगळे असतात आणि एकाचं समाधान झालं म्हणजे दुसऱ्याचं झालं असं होत नाही.

मायकामध्ये दहा प्रकारच्या सेवा आहेत आणि अर्जात नेमक्या कोणत्या मागायच्या यावर पुढचं सगळं ठरतं. स्वतःची ऑर्डर बुक चालवायची असेल तर किमान भांडवल १,५०,००० युरो. ग्राहकांची नाणी सांभाळणं किंवा कंपनीने स्वतः समोरची बाजू घेऊन नाणी विकणं-खरेदी करणं एवढंच असेल तर १,२५,०००. नुसता सल्ला किंवा ऑर्डर पुढे पाठवणं असेल तर ५०,०००. पण हे आकडे फसवे आहेत. भांडवल मोजताना हा किमान आकडा आणि वर्षाच्या स्थिर खर्चाचा चौथा हिस्सा यांतला जो मोठा तो धरतात. पगार, कार्यालय, सॉफ्टवेअर, विमा मिळून वर्षाला १२ लाख युरो स्थिर खर्च असेल, तर लागतात ३ लाख. नव्या कंपनीसाठी पहिल्या बारा महिन्यांच्या अंदाजावरून हिशेब होतो, म्हणून खर्च कमी दाखवायचा मोह होतो. तो टाळा. नोकरभरतीच्या तक्त्यात वीस माणसं आणि पगाराच्या ओळीत आठ जणांचा खर्च, ही विसंगती तपासणाऱ्याला पहिल्याच वाचनात दिसते.

आणखी एक गाठ इथेच सोडवावी लागते. ऑर्डर बुक चालवणाऱ्या कंपनीला त्याच मंचावर स्वतःच्या खात्यातून सौदे करता येत नाहीत. सुरुवातीला खरेदीदार-विक्रेते कमी असतात म्हणून 'आपणच थोडी लिक्विडिटी टाकू' (म्हणजे सौद्यांना समोरची बाजू पुरवू) हा विचार अनेकांच्या योजनेत असतो. तो तिथेच संपतो. बाहेरचा मार्केट मेकर (सतत खरेदी-विक्रीचे भाव लावून ठेवणारा) करार करून आणावा लागतो. त्याला किती शुल्कसवलत दिली, किती वेळ दोन्ही बाजूंचे भाव ठेवायचं बंधन घातलं, हे सगळं लेखी हवं.

बँक

जून २०२१मध्ये एफएटीएफ या मनी लाँडरिंगविरोधी आंतरराष्ट्रीय संस्थेने माल्टाला ग्रे लिस्टमध्ये (जादा देखरेखीखालच्या देशांच्या यादीत) टाकलं आणि जून २०२२मध्ये बाहेर काढलं. यादीतून नाव निघालं तरी असा अनुभव घेतलेल्या छोट्या देशातल्या बँका सावधच राहतात, कारण त्यांचे डॉलरचे व्यवहार परदेशातल्या मोठ्या बँकांच्या मर्जीवर चालतात. क्रिप्टो कंपनीचं खातं उघडून ते नातं धोक्यात घालायची त्यांची इच्छा नसते.

म्हणून बँकेशी बोलणी अर्जाच्या आधी सुरू करा आणि किमान दोन ठिकाणी करा. दोन प्रकारची खाती लागतात: कंपनीच्या खर्चाचं एक आणि ग्राहकांच्या पैशांचं वेगळं. ग्राहकाकडून आलेले पैसे, ते मिळाले त्याच्या पुढच्या कामाच्या दिवसाच्या अखेरीपर्यंत बँकेत किंवा मध्यवर्ती बँकेत, कंपनीच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात गेलेच पाहिजेत. बरेच जण इथे ई-मनी कंपनीचं खातं दाखवतात. ती बँक नव्हे. पैसे आत-बाहेर करायला ती चालते, ठेवायला नाही. बँकेला व्यवसाय योजनेची चकचकीत प्रत देऊन उपयोग होत नाही. तिला तीन गोष्टी बघायच्या असतात: कोणत्या देशांचे ग्राहक घेणार, महिन्याला किती रक्कम आत-बाहेर होईल, आणि संशयास्पद व्यवहार पकडल्यावर नेमकं कोण काय करेल. या तीन गोष्टी चार पानांत मांडा.

माणसं

किमान एक संचालक युरोपीय संघात राहणारा हवा आणि कारभार खरोखर तिथून चालला पाहिजे. प्रमुख पदांवरच्या प्रत्येकाला एमएफएसएची पर्सनल क्वेश्चनेअर भरावी लागते: शिक्षण, आधीच्या नोकऱ्या, भागीदाऱ्या, खटले, सगळं. भागधारकांच्या पैशाचा उगमही कागदावर दाखवावा लागतो. संस्थापकाची संपत्ती जुन्या क्रिप्टो खरेदीतून आली असेल तर तेव्हाची बँक स्टेटमेंटं, एक्स्चेंजच्या व्यवहारयाद्या आणि कर भरल्याचे पुरावे आधीच जमवा. हे नंतर शोधताना अर्ज महिनोन् महिने अडतो.

मनी लाँडरिंग रिपोर्टिंग ऑफिसर (संशयास्पद व्यवहार तपासून कळवणारा अधिकारी) हे पद सगळ्यात महत्त्वाचं. छोट्या देशात अनुभवी माणसं मोजकीच आणि मागणी मोठी, त्यामुळे एकच व्यक्ती अनेक कंपन्यांत नाव लावून बसलेली दिसते. असा माणूस घेऊ नका. रात्री आलेला संशयास्पद व्यवहार थांबवायचा अधिकार आणि वेळ त्याच्याकडे हवा, आणि त्याचा बोनस ग्राहकसंख्येवर ठरता कामा नये.

खातेवही: इथे वेळ घालवा

एक्स्चेंजवर सौदा होतो तेव्हा ब्लॉकचेनवर (नाण्यांचे व्यवहार नोंदवणाऱ्या सामायिक सार्वजनिक वहीत) काहीच हलत नाही. कंपनीच्या आतल्या खातेवहीत दोन नोंदी बदलतात, एवढंच. म्हणजे ग्राहकाला दिसणारी शिल्लक हे कंपनीचं देणं असतं, आणि त्या देण्याइतकी नाणी वॉलेटात (नाण्यांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या डिजिटल पाकिटात) आहेत हे रोज सिद्ध करावं लागतं. २०१४मध्ये माउंट गॉक्स ही एक्स्चेंज कोसळली तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं समोर आलं. खातेवही आणि वॉलेट यांचा मेळ कित्येक काळ कुणी घातलाच नव्हता.

खातेवही दुहेरी नोंदीची ठेवा आणि रक्कम कायम पूर्णांकात साठवा. बिटकॉइनला आठ दशांश स्थळं, ईथरला अठरा, युरोला दोन. एक ईथर म्हणजे १ वर अठरा शून्यं इतके वेई (ईथरचं सर्वांत छोटं एकक). जावास्क्रिप्टचा साधा अंक १६ आकड्यांच्या आसपासच अचूकता गमावतो, म्हणून ईथरची शिल्लक त्यात साठवली की शेवटचे आकडे मुकाट बदलतात. चूक एका खात्यात दिसत नाही, पन्नास हजार खात्यांच्या बेरजेत दिसते.

मेळ घालायची पद्धत अशी. एक ठरावीक ब्लॉक क्रमांक निवडा, त्या ब्लॉकला सगळ्या वॉलेटांची शिल्लक काढा आणि त्याच क्षणाची खातेवहीतली ग्राहकांची बेरीज समोर ठेवा. समजा खातेवही सांगते ४१२.५०८३७२०१ बिटकॉइन आणि साखळीवर (ब्लॉकचेनवर) आहेत ४१२.५०८१२२०१. फरक ०.०००२५, म्हणजे २५,००० सातोशी (बिटकॉइनचं सर्वांत छोटं एकक). रक्कम क्षुल्लक, पण कारण शोधल्याशिवाय दिवस बंद करायचा नाही. बहुतेक वेळा कारण असतं स्वीपचं: ग्राहकांच्या शेकडो डिपॉझिट पत्त्यांवरची नाणी एका मोठ्या वॉलेटात गोळा करताना मायनरची (व्यवहार साखळीत नोंदवणाऱ्याची) फी त्याच नाण्यांतून कापली गेली. ही फी ग्राहकांच्या नाण्यांतून गेली, म्हणजे कंपनीने त्याच दिवशी स्वतःच्या वेगळ्या वॉलेटातून ती भरून द्यायला हवी. ही भरपाई आपोआप होईल अशी नोंद पहिल्या दिवसापासून लावा.

फरकाची बाकीची नेहमीची कारणं: रिपलसारख्या नाण्यात डेस्टिनेशन टॅग न लिहिता पाठवलेली रक्कम (साखळीवर आली, पण कुणाच्या खात्यात टाकायची ते कळत नाही), चुकीच्या नेटवर्कवरून आलेला टोकन, आणि पुरेशा पुष्टीआधीच जमा दाखवलेली रक्कम. ईथेरियमवर व्यवहार अंतिम व्हायला साधारण १३ मिनिटं लागतात. तोवर 'प्रतीक्षेत' दाखवा. टॅग नसलेल्या रकमांसाठी वेगळं उचंत खातं ठेवा आणि त्यावरची सर्वांत जुनी नोंद किती दिवसांची आहे ते दर आठवड्याला संचालकांपुढे जाऊ द्या.

वॉलेट

गरजेपुरतीच नाणी हॉट (इंटरनेटशी जोडलेल्या) वॉलेटात, बाकी कोल्डमध्ये (इंटरनेटपासून तोडलेल्या वॉलेटात). आमच्या मते ग्राहकांच्या एकूण नाण्यांच्या दोन ते पाच टक्क्यांपलीकडे हॉटमध्ये ठेवायची गरज नव्या एक्स्चेंजला पडत नाही. नाणी हलवायला पाचपैकी तीन सह्यांची रचना केलीत तर पाचही जण एकाच इमारतीत बसणारे नकोत. सुट्ट्यांच्या काळात तिघे उपलब्ध आहेत का हेही आधीच पाहा.

फेब्रुवारी २०२५मध्ये बायबिट या एक्स्चेंजच्या कोल्ड वॉलेटातून सुमारे दीड अब्ज डॉलरचं ईथर गेलं. सह्या खऱ्या होत्या, करणारी माणसंही खरी होती. त्यांना पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्षात सही झालेला व्यवहार वेगळे होते. म्हणून सही करणाऱ्याने ज्या साधनावर व्यवहार तयार झाला त्यावर विसंबू नये. वेगळ्या यंत्रावर व्यवहाराचा मजकूर उलगडून पत्ता, रक्कम आणि कोणतं फंक्शन चालणार ते वाचावं, फोनवर दुसऱ्याला वाचून दाखवावं आणि मगच सही करावी. दर व्यवहाराला दहा मिनिटं जास्त जातात. जाऊ द्या. नाणी हरवली तर हरवलेल्या वेळच्या बाजारभावापर्यंत ग्राहकाला भरून देण्याची जबाबदारी मायकाने सांभाळणाऱ्या कंपनीवर टाकली आहे.

ट्रॅव्हल रूल आणि संशयास्पद व्यवहार

युरोपात नाणी पाठवताना पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची माहिती सोबत जायलाच हवी, रक्कम कितीही छोटी असो; हाच ट्रॅव्हल रूल. ग्राहकाच्या स्वतःच्या ताब्यातल्या वॉलेटशी १,००० युरोंपेक्षा जास्त व्यवहार असेल तर ते वॉलेट त्याचंच आहे याची खात्री करावी लागते: सही केलेला संदेश मागवा किंवा ठरवून दिलेली छोटी रक्कम त्या वॉलेटातून पाठवायला सांगा.

अडचण येते माहितीशिवाय आलेल्या डिपॉझिटची. नियमपुस्तकात 'परत पाठवू' असं लिहिणं सोपं आहे, पण नाणी दुसऱ्या एक्स्चेंजच्या सामायिक हॉट वॉलेटातून आली असतील तर त्या पत्त्यावर परत पाठवलेली रक्कम मूळ ग्राहकाच्या खात्यात जमा होतेच असं नाही. आधी रोखून ठेवा, समोरच्या कंपनीकडून माहिती मागवा, परतीचा पत्ता लेखी घ्या.

संशयास्पद व्यवहाराचा अहवाल एफआयएयूकडे गोएएमएल प्रणालीतून जातो आणि त्याची कुणकुण ग्राहकाला लागता कामा नये. तो गुन्हा आहे. हे सगळ्यात जास्त मोडतं ते ग्राहकसेवेच्या चॅटमध्ये. पैसे का अडकले असं विचारल्यावर नवखा कर्मचारी भाबडेपणाने 'कंप्लायन्सने चौकशी लावलीय' असं लिहून बसतो. त्याच्या पडद्यावर अहवालाची स्थिती दिसूच नये अशी परवानगीरचना करा आणि उत्तराचं एक साधं, सत्य वाक्य ठरवून द्या: 'पडताळणी सुरू आहे, पूर्ण झाल्यावर कळवू.'

कोणती नाणी घ्यायची

युरोपात परवाना नसलेल्या कंपनीचा स्टेबलकॉइन सौद्यांसाठी ठेवता येत नाही, म्हणून यूएसडीटी या स्टेबलकॉइनच्या जोड्यांवर सगळी लिक्विडिटी आखलेली योजना चालत नाही. यूएसडीसीसारखे परवानाधारक पर्याय किंवा थेट युरोच्या जोड्या धरा. व्यवहार लपवणारी नाणीही नकोत. पाच-सहा जोड्यांनी सुरुवात करा. प्रत्येक नवं नाणं म्हणजे नवा नोड (त्या नाण्याच्या साखळीशी जोडणारं यंत्र), नवी मेळपद्धत आणि बाजारभावाच्या हेराफेरीवर नवी पाळत.

अर्ज

कागदावर मुदती स्पष्ट आहेत, सगळ्या कामाच्या दिवसांत मोजलेल्या: पाच दिवसांत पोच, पंचवीस दिवसांत अर्ज पूर्ण आहे का याचा निर्णय, पूर्ण अर्जानंतर चाळीस दिवसांत निकाल, आणि जादा माहितीसाठी मध्ये वीस दिवसांपर्यंतचा एक थांबा. खरा वेळ जातो तो 'पूर्ण' ठरण्याआधी. जुलै २०२५मध्ये युरोपीय नियामक एस्माने माल्टाच्या परवाना प्रक्रियेचा आढावा प्रसिद्ध केला आणि एका प्रकरणात छाननी आणखी कसून व्हायला हवी होती असं म्हटलं. तेव्हा वरवरच्या उत्तरांवर निभावेल असं धरू नका.

सॉफ्टवेअर भाड्याने घेतलं असेल तर करार उघडून वाचले जातात. पुरवठादाराची तपासणी करायचा हक्क, विदा (डेटा) परत मिळण्याची हमी आणि तो बंद पडला तर काय, हे तीन मुद्दे करारात हवेतच. डोरा हा वित्तीय कंपन्यांच्या तांत्रिक सुरक्षेचा युरोपीय नियम १७ जानेवारी २०२५पासून लागू आहे. मोठी तांत्रिक घटना घडली तर तिचं वर्गीकरण झाल्यापासून चार तासांत, आणि कळल्यापासून चोवीस तासांच्या आत पहिली सूचना द्यावी लागते. म्हणून रात्रपाळीला वर्गीकरणाचा अधिकार असलेला माणूस ठेवा.

परवाना मिळाल्यावर दुसऱ्या सदस्य देशांत जायला वेगळा परवाना लागत नाही. एमएफएसएला कळवल्यापासून उशिरात उशिरा पंधराव्या दिवशी तिथे काम सुरू करता येतं. संघाबाहेर मात्र ही सोय संपते. भारताच्या एफआययू या संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३मध्ये नोंदणीशिवाय भारतीय ग्राहक घेणाऱ्या नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा पाठवल्या होत्या. ज्या देशांची परवानगी नाही तिथले ग्राहक खातं उघडतानाच अडवा: फक्त आयपी पत्त्यावरून नव्हे, तर ओळखपत्र, राहण्याचा पुरावा, फोनचा देशक्रमांक आणि बँकेचा देश या चारही गोष्टी एकत्र पाहून.